म्हाताऱ्या राजाची गोष्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही.

आधी एक सांगतो. गोष्ट सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. नारपोलीतल्या आमच्या शाळेला चहूबाजूंनी कापड विणणारे लूम. लाइट गेली की खडखडाट थांबायचा आणि मी धडा बाजूला सारून ग्रीकांची महाकाव्यं काढायचो. रुसलेले देव, जळणारं शहर, संपता न संपणारं युद्ध. पोरं लाइट जायची वाट बघायची. फुशारकी वाटते? वाटू दे, खरं आहे.

दर्शना आठवीत होती. मानकोलीकडच्या शेतकरी घरातली, तोंड उघडं ठेवून ऐकणारी. कथाकथन स्पर्धेसाठी तिने त्यातलीच म्हाताऱ्या राजाची गोष्ट निवडली. ज्याने आपल्या मुलाला मारलं, त्याच्याच तंबूत हा राजा एकटा जातो आणि त्याचे हात धरून मुलाचं प्रेत मागतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा — मीच बसवून घेतलं होतं तिच्याकडून.

मग एका पालकाची तक्रार आली, शाळेत परक्यांचे देव शिकवतात म्हणून. मुख्याध्यापकांनी मला आणि दर्शनाला बोलावलं. माझी नोकरी कायम व्हायची होती — नाही, हे कारण म्हणून सांगत नाही. त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, "मी नाही शिकवलं, सर. हिनेच कुठून तरी आणलंय."

अगदी खणखणीत आवाजात म्हणालो.

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हा सर, मीच मोबाईलवर बघली. सरांना काय म्हाईत न्हाय."

तिचं नाव स्पर्धेतून काढलं. त्यानंतर माझ्या तासाला तिने कधी हात वर केला नाही. मी तरी तिला उठवून काही विचारलं का? नाही. भीती वाटायची मला तिची — आठवीतल्या पोरीची!

परवा, इतक्या वर्षांनी, ती मानकोली नाक्यावर भेटली. गोदामातली शिफ्ट संपवून निघाली होती. वाकून नमस्कार केला.

"सर, ती म्हाताऱ्या राजाची गोष्ट अजून सांगता?"

"सांगतो."

"चांगली हाय ती," म्हणाली आणि बसकडे धावली.

दरवर्षी सांगतो. राजा शत्रूच्या तंबूचा पडदा बाजूला करतो, तिथे थांबतो — तिला शिकवलं होतं तसाच. कुणीतरी विचारतंच, सर, तो घाबरला नाही? मी म्हणतो, घाबरला, पण गेला. वर्ग टाळ्या वाजवतो, आणि त्या मी घेतो.