मोरचुदाचं पाणी

दमलेल्या माणसाला अक्कल असते, पण ती वापरायला अंगात जोर उरत नाही. माझ्या हातून जे झालं ते असंच झालं. त्यावर आता रंगरंगोटी करायची मला हौस नाही.

ऐंशी सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. नाशिकच्या बाहेर आमची द्राक्षाची बाग, गोठ्यात चार जनावरं. हे अंबडला कारखान्यात पाळीवर जायचे, म्हणजे बाग, गोठा आणि घर माझ्या डोक्यावर. सासू होत्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे; पण त्यांना दमा. चुलीपाशी बसल्या की छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी यांना स्पष्ट सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर म्हातारी हिवाळा काढायची नाही. म्हणून परसात गोबर गॅस आला.

बसवून द्यायला आलेल्या खात्याच्या माणसाने आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं. शेणात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, तेच गॅस करतात. त्यांना फार थंडी सोसत नाही, फार उष्णताही नाही, आपल्या अंगाएवढी ऊब लागते. आणि औषधबिवषध त्यात चुकूनही जाऊ द्यायचं नाही.

"म्हंजे बाळंतिणीसारखंच हाय की!" आत्याबाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या जीवांना आमच्या घरात बाळंतिणीच म्हणायचे. भाकरी लवकर झाली की त्या म्हणायच्या, "आज बाळंतिणी लय खूश दिसतात गं."

खूश ठेवायचं काम माझं. रोज सकाळी पाच पाट्या शेण, पाच बादल्या पाणी, कोपरापर्यंत हात घालून काला करायचा, काडीकचरा वेचायचा, मग कुंडीतून खालच्या खड्ड्यात सोडायचा. पाणी विहिरीवरून. सांगायला सोपं आहे. मार्गशीर्षातल्या थंडीत कळशी धरली की बोटांच्या भेगांतून रक्त यायचं.

त्याच दिवसांत बागेवर केवडा रोग पडला. गडी मोरचूद, म्हणजे ते निळं बुरशीचं औषध, आणि चुन्याची फवारणी करायचे आणि संध्याकाळी पंप, पिंपं धुऊन ते पाणी गोठ्यापाशी एका पिंपात ओतून ठेवायचे. फिकट निळं पाणी. एका सकाळी मी त्याच्याकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं, आणि बादली पिंपात बुडवली. खात्याच्या माणसाचं बोलणं मला आठवलं होतं. पण मी मनाची समजूत घातली, हे काय औषध? हे तर नुसतं धुवण. दहा-बारा दिवस मी तेच पाणी वापरलं, आणि खरं सांगते, ते दिवस सुखाचे गेले.

मग गॅस उतरू लागला. आधी भाकऱ्या अर्ध्यावर राहायला लागल्या, मग चहाही होईना. गॅस भरला की खड्ड्यावर वर उचलली जाणारी लोखंडी टाकी पार खाली बसली. सगळे म्हणाले, थंडीने झालं. मला ते निळं पाणी आठवलं. दुसऱ्या दिवसापासून मी गुपचूप विहिरीचं पाणी आणायला लागले. आत्याबाईंनी स्वतःची गोधडी नेऊन टाकीवर घातली. "आपल्याला हुडहुडी भरती, त्यांना नाय भरणार?" म्हणाल्या. स्वतः नुसती शाल पांघरून निजल्या.

शेवटी यांनी खात्याच्या माणसाला बोलावून आणलं. त्याने कुंडीच्या कडेची निळी खपली नखाने खरवडली. "हे मोरचूद कुणी घातलं? खालचे सगळे जीव मेले. खड्डा उपसा, नवं शेण भरा, कुणाच्या तरी चालू खड्ड्यातला काला आणून विरजण लावतात तसं लावा. या गारठ्यात दीड-दोन महिने धरून चाला."

यांचा पारा चढला. "कुणाची अक्कल ही?" मी खाली वाकून कुंडीतला काडीकचरा वेचायला लागले.

"मीच वतलं रं," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी दिसलं, वतलं. म्हातारीला काय कळतंय?"

अहो, जिला तांब्या उचलला तरी धाप लागायची, ती बाई बादली ओतणार? यांना ते सुचलं नाही. मला सुचलं, आणि मी गप्प बसले.

चूल पुन्हा पेटली. आत्याबाई माझ्या आधी उठून तिच्यापाशी बसायच्या. मी अडवलं की यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "माझी चूक, मीच निस्तरती." दिवसभर मी खड्डा उपसत होते, त्यामुळे दोनदा म्हणून तिसऱ्यांदा मी अडवत नव्हते.

एका पहाटे खोकल्याने मला जाग आली. त्या फुंकणी तोंडाला लावून वाकल्या होत्या आणि फुंकायला श्वासच नव्हता. मी खाली बसले. "आत्याबाई, ते पाणी मी..."

"ठाव हाय मला. दारातनं दिसत व्हतं की रोज."

"मग तेव्हाच बोलला का नाही?"

"तुझे हात बघितले व्हते मी. म्हटलं, वाचती पोरीची एक खेप, तर वाचू दे." मग त्यांनी मला कोपराने ढकललं. "जा, पड घटकाभर. परत दिवसभर उपसायचंय तुला."

मी फुंकणी हातातून घ्यायला हवी होती. नाही घेतली. जाऊन पडले.

गॅस पुन्हा पेटला तेव्हा आत्याबाईंना जाऊन बारा दिवस झाले होते. त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं की मला आधी ती पहाटेची झोप आठवते. चांगली गाढ लागली होती.