सत्तावीस नंबरच्या कुपीतली पंधरावी मुंगी

तीस वर्षं मला संशय घेण्याचा पगार मिळत होता. भांडुपच्या एका कारखान्याचं गोदाम मी सांभाळायचो. खोक्यावर शंभर नग लिहिलंय म्हणजे आत शंभर असतीलच, असं मानणारा माणूस गोदामात आठवडाभर टिकत नाही. पुढे कारखाना बंद झाला, मी मुलुंडला घरी बसलो, पण नजर काही घरी बसली नाही. बायको पातेल्यात दूध ओतायला लागली की पिशवीच्या कोपऱ्यात किती राहिलं हे मी वाकून बघायचो. ती शाळेत शिकवते, त्यामुळे माणसाला गप्प कसं करायचं हे तिला ठाऊक आहे. "अहो," ती म्हणायची, "दुधाला पावती लावून ठेवू का?"

अशा माणसाच्या हातात आमच्या लेकीने मुंग्या दिल्या.

लेक मुंग्यांवर पीएचडी करते. राहते होस्टेलवर, शनिवार-रविवार घरी येते. त्या फेब्रुवारीत ती जैसलमेरच्या पलीकडच्या वाळवंटात दोन महिने राहून आली आणि आल्या आल्या झोपली. तिच्या बॅगेतून एक मोठा डबा डोकावत होता. राजस्थानचं काहीतरी खाण्याचं असणार म्हणून मी हळूच झाकण काढलं. आत बोटाएवढ्या काचेच्या कुप्या दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि प्रत्येकीत स्पिरिटच्या तळाशी काळं-तांबडं काहीतरी बसलं होतं.

"बाबा, झाकण लाव," ती डोळे न उघडता म्हणाली. "ते खायचं नाहीये. ती माझी पीएचडी आहे."

कुप्या होत्या चौऱ्याऐंशी. प्रत्येकीतलं स्पिरिट बदलायचं होतं, मुंग्या मोजायच्या होत्या आणि नव्या चिठ्ठ्या लिहून आत सोडायच्या होत्या. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. गोदामात कार्डं भरून भरून माझं अक्षर छापल्यासारखं झालंय. लेक म्हणाली, "करशील का रे? तसाही तू दिवसभर आईच्या दुधावर पहारा देतोस."

काम देण्याआधी तिने मला शिकवलं. मुंगीला रंगावरून ओळखायचं नाही, रंग फसवतो. आधी कंबर बघायची, तिथे गाठ एक आहे की दोन. मग मिशांचे सांधे मोजायचे. मग पाठीवर केस आहेत का, काटे आहेत का. वाळवंटातल्या मुंग्यांचं ती असं सांगायची की जणू तिच्या वर्गातल्या मुली. एक जात लांब पायांची. भर दुपारी, पालसुद्धा सावली धरते तेव्हा, ही पोट वर उचलून तापल्या वाळूवरून धावते आणि उन्हाने मेलेले किडे गोळा करते. दुसरी मोठ्या डोक्याची, गवताचं बी बिळात साठवणारी. या दुसरीबद्दल मला लगेच आपुलकी वाटली. गोदामवालीच ती.

मला हे शास्त्र फारच आवडलं. सोसायटीच्या मीटिंगला मी सेक्रेटरींच्या कंबरेकडे बघत बसलो होतो. त्यांना बहुधा गाठच नाही.

तर काम सुरू झालं. स्पिरिटच्या वासाने डोकं दुखतं म्हणून बायकोने मला किचनच्या खिडकीशी टेबल लावून दिलं. कुपी बशीत ओतायची, ओल्या ब्रशने एकेक मुंगी बाजूला सारत मोजायची, परत भरायची. वाळवंटात लेक रोज संध्याकाळी प्रत्येक कुपीतल्या मुंग्या मोजून आपल्या वहीत पेन्सिलने आकडा लिहायची. ती वही तिने ताळ्यासाठी माझ्याकडेच ठेवली होती. मी एक रजिस्टर केलं. रकाने चार: कुपी, वहीत, हातात, फरक. पाच दिवसांत चौऱ्याऐंशी कुप्या झाल्या आणि फरकाच्या रकान्यात वरून खालपर्यंत शून्यं. बायकोला दाखवलं. "छान," ती म्हणाली. "आता कुकर लावायला टेबल मोकळं करा."

मग लेक दर रविवारी थोड्या कुप्या लॅबमध्ये तपासायला न्यायची आणि पुढच्या शनिवारी परत आणून डब्यात ठेवायची; वही घरीच राहिली. एप्रिलमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, लग्न ठरवलं.

"बाबा, सत्तावीस नंबर. त्यात एक मुंगी निघालीय जी तिथे असूच शकत नाही."

मुंगी झाडावरची होती. काळी, सडपातळ, डोळे मोठे, कंबरेला दोन गाठी. ती सुकलेल्या पोकळ काड्यांत राहते. आणि सत्तावीस नंबर जिथून घेतलं त्या वाळूच्या टेकडीवर दोन-तीन कोस झाड नाही. मग ही तिथे राहते कुठे? खुरट्या झुडपांच्या देठांत? वाळवंटात तसं राहायला ती शिकली असेल, तर थिसिसचं एक अख्खं प्रकरण त्या एका मुंगीवर उभं राहणार होतं.

"माझ्या गाइड मॅडम म्हणतात, आधी खात्री कर, कुपी कोणी उघडली होती का," लेक म्हणाली. "तुझ्याकडून बशीत काही पडलं वगैरे नाही ना?"

मला राग आला. "रजिस्टर बघ माझं. एका नगाचा फरक नाही."

"तेच सांगितलं मी त्यांना. म्हटलं, फक्त माझ्या बाबाने उघडल्यात, आणि तो जन्माचा संशयी आहे." ती हसली. "मग त्यांचंही समाधान झालं. मी मेमध्ये परत जातेय. घरटं शोधायला."

"मेमध्ये? तिथे?"

"घरटं नाही मिळालं तर प्रकरण नाही ना, बाबा."

फोन ठेवला, आणि माझं जुनं दुखणं उठलं. गोदामात एक गोष्ट मी शिकलो होतो. कमी भरलेल्या नगाचं फार वाटून घ्यायचं नाही. फुटला असेल, हरवला असेल. पण एकच नग वेगळा निघाला, त्याच्यासारखा दुसरा कुठेच नाही, तर तो कोणीतरी ठेवलेला असतो.

मी यादी केली. पहिला संशय तिच्या जीपच्या ड्रायव्हरवर, पण त्याला मुंग्या ठेवण्यात काय रस. मग मॅडमवर, कारण मोठी माणसं. मग घरच्यांवर. बायकोला विचारलं, "तू डबा कधी हलवला होतास?"

"फळी पुसताना."

"झाकण उघडलंस?"

"मी तुमची बायको आहे हो, सुपरवायझर नाही. पंख्यावरची धूळ दिसत नाही तुम्हाला, मुंग्या बऱ्या दिसतात."

आमच्याकडे केर-लादीला येणाऱ्या मावशी मालवणकडच्या. त्यांना मी जरा गोल गोल विचारलं. त्यांनी फडका बादलीत टाकला आणि कमरेवर हात ठेवले. "दादानू, माझ्या घरात मुंग्ये काय कमी आसत, तुमचे चोरूक?"

"चोरल्या नाही म्हणत मी. एक जास्त निघालीय."

मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "वैनी, ह्येंका कायतरी कामाक लावा. चोर न्हेतत असा आयकलंय. ठेवन जातत असा काय आयकूक नाय."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली.

मे उजाडला. मंगळवारी सकाळी मी खिडकीशी चहा घेत होतो. आमच्या इमारतीला लागून एक शेवगा आहे. त्याची एक फांदी तिसऱ्या मजल्यावर आमच्या ग्रिलला टेकते. बायको ती कापू देत नाही, कारण शेंगा हाताला येतात. त्या फांदीवरून एक मुंगी ग्रिलवर उतरली. काळी, सडपातळ. चालताना थांबत होती, डोकं वळवून बघत होती. ग्रिलवरून ती टेबलावर आली. जिथे मी बशी ठेवायचो, तिथे.

मी भिंग आणलं. डोळे मोठे. कंबरेला गाठी मोजल्या. दोन.

चहा तसाच राहिला. मी लेकीची वही काढली, सत्तावीस नंबरचं पान उघडून उजेडात तिरकं धरलं. आकडा होता पंधरा. आणि त्या पाचाच्या खाली कागद किंचित खरवडलेला होता.

खरवडणारा कोण, हे शोधायला भिंग लागलं नाही.

आठवलं ते असं. कामाचा दुसरा दिवस. वहीत चौदा, बशीत पंधरा. दोनदा मोजलं, पंधराच. गोदामात एक नग जास्त निघाला की आम्ही बोभाटा करायचो नाही. जास्तीचा नग म्हणजे कागद चुकलेला, आणि कागद चुकला तर तो कागदच गुपचूप दुरुस्त करायचा, म्हणजे तपासणीला आलेला साहेब प्रश्न विचारत नाही. हातालाच ती सवय. मी मनात म्हटलं, पोरीने उन्हातून येऊन टॉर्चच्या उजेडात मोजलंय, एक निसटली असेल. रबर घेतलं, चार खोडला, तिच्या वळणाचा पाच काढला आणि फरकाच्या रकान्यात शून्य मांडलं. मग जेवलो. विसरूनही गेलो. पंधरा डोकी मी बरोबर मोजली होती. फक्त तोंडं बघितली नव्हती.

जगातल्या प्रत्येकावर मी संशय घेतला होता, आणि माझ्या यादीत मीच नव्हतो.

लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. मंगळवारी म्हटलं, सगळी खात्री करून घेऊ, एकसारख्या दिसणाऱ्या जाती खूप असतात, तिनेच सांगितलंय. बुधवारी ग्रिलला गुळाचा खडा चिकटवून बसलो. गुरुवारी एक पकडली. पकडताना ती अंगठ्याला डसली, आणि मला ते योग्यच वाटलं. तिला स्पिरिटमध्ये सोडलं. बायको मागे उभी होती.

"किती दिवस झाले, दुधाकडे बघितलं नाहीत," ती म्हणाली. "काय केलंय तुम्ही?"

मी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सोमवारी गाडी आहे तिची."

"माहितीये."

"मग शनिवार मोकळा आहे तुमचा."

शनिवारी लेक आली ती नवी टोपी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन. बसल्या बसल्या सांगायला लागली, झुडपांचे देठ कसे उभे चिरायचे, कोणत्या बाजूने सुरुवात करायची. मॅडमनी तिला त्यांचा चांगला चिमटा दिला होता, तोही दाखवला. मी वही तिच्यापुढे ठेवली, सत्तावीसचं पान उघडून. शेजारी माझी गुरुवारची कुपी.

"ही कुठली?"

"खिडकीतली."

तिने भिंग लावलं. बराच वेळ कुपी फिरवत राहिली. मग वहीकडे वळली, पान उचलून तिरकं धरलं. अगदी माझ्यासारखं.

"हा पाच माझा नाही," ती म्हणाली.

"नाही. माझा आहे."

मी सगळं सांगितलं, शून्यापर्यंत.

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे, बाबा."

बायकोने मध्ये चहा आणून ठेवला आणि परत गेली.

"तुला माहितीये," लेक म्हणाली, "मला चौदा आठवत होते. त्या संध्याकाळी वारा होता, एक मुंगी उडाली म्हणून मी परत मोजलं होतं. चौदाच होत्या. मग वहीत पंधरा बघितलं आणि वाटलं, आपल्याच डोक्याला ऊन लागलं असेल. कारण तुझ्या रजिस्टरमध्येही पंधरा." तिने वही मिटली. "मी माझ्यावर संशय घेतला रे. तुझ्यावर नाही आला."

तीस वर्षांत साहेबांच्या फार शिव्या खाल्ल्या, पण त्या खाल्ल्यावरही जेवण जायचं; त्या दिवशी गेलं नाही.

तिने आमच्यासमोरच मॅडमना फोन लावला. "वाळवंटातली नाही मॅडम, आमच्या खिडकीतली आहे," एवढंच सांगितलं. कोणी काय केलं ते सांगितलं नाही. मी हाताने खूण केली, सांग म्हणून. तिने मान हलवली. पलीकडून मॅडम बराच वेळ बोलत होत्या आणि ही नुसतं "हो, हो" म्हणत होती. तिकीट रद्द झालं. प्रकरणही. टोपी अजून आमच्या दाराच्या मागे आहे.

नंतर तिने डबा घेतला आणि खिडकीपासून लांब, हॉलमध्ये, जमिनीवर मांडला. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी कुप्या परत मोजायच्या ठरल्या. बाकीच्या आकड्यांना मी हात लावला नव्हता, पण हे मी सांगून उपयोग काय. तिच्या जागी मी असतो तर मीही मानलं नसतं.

आता दर शनिवार-रविवारी दुपारी आम्ही समोरासमोर बसतो. चिमटा आणि ब्रश तिच्याकडे. रबर घरात नाही, तिने ते होस्टेलवर नेलं. ती मोजते, आकडा बोलते, मी चिठ्ठी लिहितो, कारण अक्षर अजून माझंच चांगलं आहे. पहिली चिठ्ठी तिने सत्तावीसच्या पंधरावीसाठी लिहून घेतली, वेगळ्या कुपीत: मुलुंड पूर्व, तिसरा मजला, किचनची खिडकी, शेवग्यावरून आलेली. तारीख कोणती घालायची असं मी विचारलं. "तू खोडलंस ती," ती म्हणाली.

काल एकोणचाळीस नंबर झाला. ती म्हणाली, "नऊ." मी नऊ लिहिलं आणि चिठ्ठी पुढे केली. तिने ती उजेडात तिरकी धरली, नीट बघितली, आणि मग कुपीत सोडली.