खोबऱ्याची फिट

मला फिट येतात. शाळेत असल्यापासून येतात. आई गेल्यावर रत्नागिरीच्या घरात मी आणि बाबा दोघंच उरलो, आणि माझ्याकडे कान लावून बसणं हाच बाबांचा उद्योग झाला. मी आंघोळीला गेले की दाराबाहेरून हाक यायची, "आहेस ना गो?" तोंडात साबण गेला तरी मी "आहे" म्हणायचे. चाळिशीला आलेल्या बाईने न्हाणीघरातून हजेरी द्यायची, याचा मला भयंकर राग यायचा. आणि माझ्यापायी त्यांनी संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर मित्रांत बसणं सोडलं, याचा त्याहून जास्त.

डॉक्टरांनी सुचवलं म्हणून मनगटावरचं ते यंत्र घेतलं. दिसायला घड्याळच. हाताला सलग झटके बसू लागले की ते बाबांच्या फोनवर बोंब ठोकतं. सगळ्याच फिट त्याला कळतील असं नाही, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मी हट्टाने बाबांना जेटीवर पिटाळलं.

थोड्याच वेळात ते रिक्षा करून घामाघूम परत. मी स्वयंपाकघरात हँडलच्या खवणीवर नारळ खवत होते.

"अगो, फिट आली ना तुला?"

"मला नाही, खोबऱ्याला आलीय!"

बाबा मटकन खाली बसले आणि आम्ही दोघं हसत सुटलो. यंत्र उजव्या हातावरून डाव्या हाताला गेलं. बाबा रोज जायला लागले. रिकाम्या घरात मी मोठमोठ्याने गाणी म्हणायचे. फार सुखाचे होते ते दिवस.

गणपती झाल्यावर एका संध्याकाळी खरीच आली. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली बाबांचा सदरा घडी करून ठेवलेला, आणि यंत्राची बोंब ऐकून जेटीवरून आलेले बाबा नुसत्या बनियनवर शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होते. जीभ चावली गेली होती. जरा भानावर आल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की संपलं, आता बाबा पुन्हा दाराशी बसणार. मला रडू फुटलं. बाबा मी नीट उत्तरं द्यायला लागेपर्यंत बसून राहिले, मग पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या. दाराची कडी काढण्याआधी त्यांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला. मी पाहिलं.

"येतो गो," म्हणाले, आणि मागे न बघता फाटकाबाहेर पडले.