डालगं कुणासाठी
हळद-तेलाचा वास आला, की मला ती तांबडी कोंबडी आठवते. त्या वर्षी कापसाला भाव होता आणि पीकही असं आलं होतं, की आमची ओसरीसुद्धा कापसानं भरली होती आणि अमरावतीच्या बाजाराकडं जाणाऱ्या गाड्यांची धूळ दिवसभर अंगणात उतरायची. तसल्याच एका गाडीखाली तांबडीचा पाय दुखावला. सासूबाईंनी तिला पंधरा दिवस बांबूच्या डालग्याखाली झाकून हळद-तेल लावलं. पाय बरा झाला. पण बाहेर सोडली, की थोरली काळी कोंबडी तिला टोचून रक्त काढायची, आणि तिचं पाहून बाकीच्याही तुटून पडायच्या. "राहू दे हिले डालग्यातच," सासूबाई म्हणाल्या. मी नवी सून, तरी बोलले, "मार खाणारीले काहून कोंडता? मारणारीले कोंडा ना!" आणि काळीला धरून सरळ डालग्याखाली घातलं. चार दिवस तांबडी सगळ्यांत मिसळून दाणे टिपत फिरली. पाचव्या दिवशी काळीला सोडलं, तर आता परकी तीच झाली होती. बिचारी कडेकडेनं चालायची. आज मी सासू आहे. दोन सुनांचं वाजलं, की रडणारीची समजूत काढत बसत नाही, दुसरीला ऐकू जाईल असं विचारते, "डालगं कुठी ठेवलं वं?"