नाक्यावरचा चेहरा

कमलाकर निमकर यांनी आयुष्याची तेहेतीस वर्षे पुण्याच्या जकात नाक्यावर काढली, आणि त्या काळात एक सिद्धान्त स्वतःच्या बळावर उभा केला: जो नजर चुकवतो, तो माल लपवतो. थांबलेल्या ट्रकची ताडपत्री उचलायला ते क्वचितच सांगत. चालकासमोर उभे राहत, चेहऱ्यावरची एकही रेषा हलू देत नसत, आणि पाहत राहत. निरपराध माणूस वैतागून त्यांच्याकडे पाही. अपराधी माणूस टायरकडे पाही. "टायरकडे बघितलं, की समजायचं आत पितळेची भांडी आहेत," असे ते सांगत. आणि बहुतेक वेळा ती निघतही.

पुढे ते निवृत्त झाले, नंतर जकातही गेली. संशय मात्र सेवेतच राहिला. पत्नी सुप्रभाबाई निवर्तल्यावर कन्या ऋजुता हिने त्यांना सहा महिन्यांसाठी मँचेस्टरला बोलावून घेतले. ती तेथील एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ, जावई मिहीर सॉफ्टवेअरमध्ये, आणि नात उर्वी आठ महिन्यांची. नव्या गावात कमलाकररावांच्या दक्षतेला नवे विषय लाभले. ट्रामच्या थांब्यावरचा कार्ड टेकवायचा खांब त्यांना अविश्वासार्ह वाटे. भर पावसात 'लव्हली डे' म्हणणाऱ्या शेजाऱ्याचा हेतू काय असावा, यावर त्यांनी एक संपूर्ण संध्याकाळ खर्ची घातली होती. पण त्यांच्या संशयाला खरे अधिष्ठान मिळाले ते मिसेस हॉलरॉइड यांच्या रूपाने.

ऋजुताची बाळंतपणाची रजा संपत आली होती. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, स्वतःच्या घरी तीन मुले सांभाळणाऱ्या या साठीच्या चाइल्डमाइंडर बाईंकडे उर्वीला सवयीसाठी रोज दोन तास पाठवणे सुरू झाले. कमलाकरराव सोबत जात आणि बैठकीच्या कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसत. त्यांच्या मांडीवर वही असे. "अकरा दहा: उर्वीने नजर फिरवली. अकरा बारा: पुन्हा फिरवली. बाई हसत होत्या." तीन आठवड्यांत निम्मी वही भरली. घरीही ते नातीला समोर बसवून पाहत, तर ती त्यांच्याकडेही पाहीना. निष्कर्ष अटळ होता.

"ऋजू, त्या बाईकडे काहीतरी काळंबेरं आहे," एके रात्री जेवताना त्यांनी विषय काढला.

"बाबा, काय आहे ते स्पष्ट सांगा ना."

"पोर कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. तिला कशाचं तरी भय बसलंय." त्यांनी वही आमटीच्या भांड्याशेजारी ठेवली.

मिहीरने ती चाळली. "बाबा, पंचनामा तर एकदम परफेक्ट आहे. एफआयआर कधी?"

"चेष्टा सोडा. तिला बोलता येत नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं."

ऋजुता हसली नाही. गेले काही दिवस तिलाही तेच दिसत होते. ऐन खिदळण्यात उर्वी मान वळवून खिडकीकडे पाही आणि आईला क्षणभर नाहीसे करून टाकी. ऋजुता डॉक्टर होती. अशा वळलेल्या मानेतून पुढे निदानाचे कोणकोणते शब्द निघू शकतात हे तिला ठाऊक होते, आणि त्यांतला एकही तिने अजून मिहीरजवळ उच्चारला नव्हता.

कमलाकररावांनी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, नावे बाईंविरुद्ध तक्रारीचे पत्र लिहिले. इंग्रजी जुन्या सरकारी वळणाचे, पण मजकूर निःसंदिग्ध. "सोमवारी तू कामावर रुजू होणार. त्याआधी उर्वीला तिथून काढ. नाहीतर हे मी पेटीत टाकतो."

"चौकशी सुरू झाली तर बाईंचं काम बंद होईल, बाबा. चोवीस वर्षं करतायत त्या. आणि मला दुसरीकडे जागा उन्हाळ्यापर्यंत नाही. मी परत कामावर जायचं कसं?"

"ते नंतर बघू. आधी पोर."

याच आठवड्यात, गुरुवारी, एका ठरलेल्या गोष्टीचा योग आला. लहान मुले माणसांच्या सहवासात लक्ष कसे देतात आणि ताण कसा सोसतात, याचा तेथील विद्यापीठात अभ्यास चालू होता. ऋजुताने त्यासाठी उर्वीचे नाव पूर्वीच नोंदवले होते. कमलाकररावांनी संमतिपत्रक तीनदा वाचले, चौथ्यांदा उजेडासमोर धरले, आणि "यात आपला फायदा लिहिलेला नाही. म्हणजे त्यांचा असणार," असे म्हणून सोबत निघाले.

प्रयोगशाळा म्हणजे दोन लहान खोल्या. तेथील संशोधिका आसावरी लंडनच्या एजवेअर भागात जन्मलेली, मराठी घरातली मुलगी. "नमस्कार आजोबा! तुमचा नात खूप गोड आहे," ती म्हणाली. इतके मोडके मराठी बोलणारी मुलगी खरोखर मराठी असेल काय, ही शंका कमलाकररावांनी मनातल्या मनात नोंदवून ठेवली.

उर्वीच्या छातीवर नाण्याएवढी चकती चिकटवली होती. तिच्या हृदयाचे ठोके शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर हिरव्या रेषेने उमटत. कमलाकरराव तेथे आसावरीजवळ बसले. पलीकडे ऋजुता उर्वीसमोर बसून बोलू लागली. उर्वी हसली, हात नाचवू लागली, हिरवी रेषा चढत गेली. आणि अगदी शिखरावर असता तिने मान वळवली.

"बघा! फिरवली!" कमलाकरराव उठलेच.

"आता लाइन बघा, आजोबा."

रेषा हळूहळू उतरली. पाच-सहा सेकंदांनी उर्वीने आपण होऊन मान वळवली आणि आईकडे पाहून पुन्हा हसली.

"ती रेस्ट घेते. चेहरा म्हणजे तिला खूप काम असतं. जास्त झालं की बाजूला बघते, शांत होते, परत येते. या वयात ते चांगलं असतं. आम्ही इथे डायग्नोसिस देत नाही, पण परत येते का, ते बघायचं."

कमलाकरराव बसले, पटल्यामुळे नव्हे. दुसऱ्या टप्प्यात, सूचनेप्रमाणे, ऋजुताने दोन मिनिटांसाठी आपला चेहरा निश्चल केला. उर्वी हसली. उत्तर आले नाही. तिने हुंकार दिला, पुढे वाकली, खुर्चीच्या कडेवर हात आपटला. मग ती आपल्या खुर्चीच्या पट्ट्याच्या बकलाकडे पाहू लागली, जणू जगात बकलावाचून काही उरलेच नव्हते. रेषा चढली आणि चढलेलीच राहिली.

"थांबवा हे! पोराचा छळ मांडलाय!"

"वीस सेकंद, आजोबा. रडली तर आम्हीच लगेच थांबवतो."

वीस सेकंदांनी ऋजुताने "उरू!" अशी हाक घातली, आणि उर्वी किंचित कुरकुरून, रुसून, अखेर परतली. आपले अवधान कोठे ठेवावे आणि कोठून काढून घ्यावे, एवढेच काय ते स्वातंत्र्य त्या जिवाच्या हाती होते. आणि ते ती केवढ्या शहाणपणाने वापरत होती!

कमलाकररावांची खात्री मात्र ढळली नव्हती. "आईचं सोडा. परक्याचं काय? मी समोर बसतो. ती माझ्याकडेसुद्धा बघत नाही. तेव्हा कळेल तुम्हाला भय म्हणजे काय ते."

हे अभ्यासात बसणारे नव्हते. परंतु चकती अजून काढली नव्हती, आणि ऋजुताने होकारार्थी मान हलवली. कमलाकरराव नातीसमोर बसले, पाठ ताठ केली आणि पाहू लागले. तिसऱ्या सेकंदाला उर्वीने मान उजवीकडे नेली. ते उजवीकडे वाकले. तिने डावीकडे नेली. ते डावीकडे सरकले. तिने बकल धरले आणि ओठ काढला.

"बस्स, बाबा," ऋजुताने तिला उचलून घेतले.

"पाहिलंत?" ते विजयी स्वरात म्हणाले.

"आजोबा, एकदा व्हिडिओ बघता का?" आसावरी जरा अवघडून म्हणाली.

पडद्याचे दोन भाग होते. डाव्या बाजूस उर्वी, उजव्या बाजूस एक वृद्ध गृहस्थ. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एकही रेषा हलत नव्हती. मूल जिकडे वळे, तिकडे तो चेहरा जाऊन वाट अडवून उभा राही. हिरवी रेषा चढत होती आणि उतरायला तिला जागाच मिळत नव्हती. थोड्या वेळापूर्वी ऋजुताने धारण केलेला चेहरा आणि हा चेहरा यांत फरक एवढाच होता, की तिला तसे करायला सांगावे लागले होते.

"हा नाक्यावरचा चेहरा, बाबा," ऋजुता हळूच म्हणाली. "प्रगतिपुस्तक दाखवताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. तुम्ही विचारायचात, काय लपवतेस?"

"मग? काय लपवायचीस?"

"काहीच नाही, बाबा. कॅलेंडर बघून बरं वाटायचं."

 परतताना पत्र कमलाकररावांच्या कोटाच्या खिशात होते, आणि ट्राममध्ये दर दोन थांब्यांनी ते खिसा चाचपून पाहत होते.

सोमवारी सकाळी ऋजुता रुग्णालयात जायला तयार झाली. उर्वीला घेऊन ते स्वतः मिसेस हॉलरॉइड यांच्याकडे गेले. वही सोबत होती, कारण एका रेषेवर विसंबून तपास गुंडाळणाऱ्यांतले ते नव्हते. बाईंनी उर्वीला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवल्या. उर्वी खिदळली आणि ऐन रंगात मान फिरवून खिडकीच्या पडद्याकडे पाहू लागली. कमलाकररावांची लेखणी वर आली. पण या वेळी त्यांनी मुलीकडे नव्हे, बाईंकडे पाहिले. बाईंनी टाळ्या थांबवल्या. त्यांनी मांडीवरचे लाळेरे उचलले, त्याची सावकाश घडी घातली, ती मोडून पुन्हा घातली. उर्वी वळली. तेव्हाच बाईंचे हात पुन्हा वाजले.

तीन आठवडे हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. वहीत 'फिरवली' याच्या साठ-सत्तर नोंदी होत्या. 'परत आली' अशी एकही नव्हती.

"मिस्टर निमकर, चहा घेणार?" बाईंनी विचारले.

"घेईन," ते म्हणाले. मग क्षणभर थांबून, "दूध वेगळं द्या. मी घालून घेईन."

संध्याकाळी ऋजुता दमून घरी आली, कोट न काढताच विचारती झाली, "पत्र टाकलंत?"

"नाही. पत्ता चुकला होता."

एवढे बोलून ते गालिच्यावर खाली बसले. उर्वी दोन हातांच्या अंतरावर बसली होती. आज त्यांनी तिला समोर घेतले नाही. तिच्याकडे खांदा करून, खिडकीतून दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या कुंपणाकडे पाहत राहिले. वेळ बराच गेला. वळून पाहण्याचा मोह त्यांना किती होत होता, हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होते. अखेर त्यांच्या बाहीला काहीतरी ओले लागले. उर्वी बाही चोखत, खालून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती, आणि तो चेहरा कसा हलवायचा हे आठवण्याचा कमलाकरराव प्रयत्न करत होते.