घिवलीच्या दर्शनाची गोळी

आम्ही बाळंतपणं करणारे डॉक्टर चहाला जमलो की आधी सुट्टी मिळत नाही याचं रडगाणं, मग किस्से. रडगाणं संपतं, किस्से काही संपत नाहीत. ओपीडीत रोज नवा माल येतोच! पण बोईसरच्या माझ्या दवाखान्याला किनाऱ्यावरच्या घिवली गावच्या एकट्या दर्शनाने जेवढे किस्से दिले, तेवढे बाकी सगळ्यांनी मिळून दिले नसतील. ऐकाच.

*

दर्शना पहिल्यांदा आली ती पाचव्या महिन्यात, सासूच्या खांद्यावर मान टाकून. उलट्या थांबत नव्हत्या, वजन वाढायचं सोडून उतरत होतं. आमच्या कुसुम सिस्टरने बीपी बघितलं आणि पट्टा काढून टाकला.

"मॅडम, मशीन गेलं! एवढं कमी बीपी असलेली बाई अशी बसून बोलेल का?"

खात्री करायला तिने पट्टा स्वतःच्या दंडाला लावला. तिचा आकडा भलताच वर गेलेला बघून मी म्हटलं, "सिस्टर, मशीन ठणठणीत आहे. तुम्ही दोघीच नाही आहात!"

*

तपासताना बघितलं तर पोरगी काळवंडलेली. सासू, हिरामावशी, लगेच म्हणाली, "मासली सुकवते ना बाय, उनात काली होनारच."

मी दर्शनाचा हात उलटा केला. तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या. "मावशी, तळव्याला ऊन कसं लागतं?"

"बोंबील पलटताना लागते!"

"आणि हिरड्यांना?" तिथेही काळे डाग होते.

मावशीने सुनेचा ओठ वर करून बघितलं. मग म्हणाली, "ती बोलते लय."

*

मला मात्र हसू येईना, डोक्यात वेगळीच शंका. विचारलं, "दर्शना, खारट खावंसं वाटतं?"

पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नापासून ती सुकट नुसती खायची, वर पेजेत मूठभर मीठ. गरोदर राहिल्यावर सासूने पाय सुजतील म्हणून मीठ आणि सुकी मासळी दोन्ही बंद केलं. तेव्हापासून पोरगी आडवी!

"मावशी, आजपासून मीठ सुरू. मागेल तेवढं द्या."

"मीठ बंद करा बोलनारे डाक्टर लय बगले," मावशी कुसुमला म्हणाली, "ही कुठून आनली?"

*

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्यांच्या हार्मोनचा रक्त-रिपोर्ट आला, तर दर्शनाचा नवरा रितेश तारापूरच्या कंपनीतून थेट पेढे घेऊन हजर. "मॅडम, सगळं नॉर्मल छापलंय!"

"अरे, ते तुझ्यामाझ्यासाठी नॉर्मल. गरोदर बाईत हा हार्मोन दुपटी-तिपटीने वाढायला हवा. हिचा तुझ्याएवढाच आहे!"

पुढची तपासणी पालघरला झाली. शंका खरी निघाली: या ग्रंथीच थकल्या होत्या, म्हणून अंगात मीठ टिकत नव्हतं आणि कातडी काळवंडत होती. मुंबईचे हार्मोनचे डॉक्टर फोनवर स्पष्ट बोलले, "गोळ्या आजच सुरू करा. उशीर झाला तर बाळही जाईल आणि आईही." रितेशच्या पेढ्यांचा डबा अजून तसाच टेबलावर होता.

*

गोळीचं नाव स्टिरॉइड! रितेशने मला बाजूला घेतलं. "मॅडम, आमच्या जिममधली पोरं घेतात तेच ना? बाळाला दाढी-बिढी नाही ना येणार?"

"अरे बाबा, ती वेगळी. तिच्या अंगात जे बनत नाही, तेवढंच आपण बाहेरून देतोय. बाळापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं."

"मग हिचे दंड?"

"तुझेसुद्धा वाढणार नाहीत. जा, गोळ्या आण!"

*

आठवड्याभरात दर्शना जेवायला लागली, हसायला लागली. मावशीने काय करावं? सून बरी झाली म्हणून गोळ्या बंद केल्या! त्यात आला ताप. खरं तर तापात डोस वाढवायचा असतो. रिक्षातून आणली तेव्हा हाक मारली तरी डोळा उघडत नव्हता.

इंजेक्शन आणि सलाइन सुरू झालं, आणि मी मावशीवर तोंड सोडलं. खूप बोलले. थोड्या वेळाने आतून दर्शनाने सासूला हाक मारली, "आय, भूक लागली."

मावशी डोळे पुसत म्हणाली, "बाय, ही गोली मरेपर्यंत खावी लागल?"

"नाही मावशी. जगायचंय तोपर्यंत."

*

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. माहेर पालघरकडच्या माहीमला. मावशीने विहिणीला फोनवर सांगितलं, "पोरगी तुमची, पन गोल्या माझ्या ताब्यात हायत. नाय पाठवायची!"

कळा सुरू झाल्या, ठरल्याप्रमाणे वाढीव डोसचं इंजेक्शनही सुरू झालं. मुलगी झाली, आणि असली रडली की कुसुम म्हणाली, "मॅडम, ही आजीवर गेलीय, विचारायलाच नको!"

पाचवीला आम्हा दोघींना घिवलीचं आवतण. संध्याकाळी गेलो तर पाटा-वरवंटा मांडलेला, दिवा, फुलं, आणि सटवाईने बाळाचं नशीब लिहायचं म्हणून कोरा कागद आणि पेन. त्या कागदावर गोळ्यांची पट्टी ठेवलेली. तिलाही हळदकुंकू!

"मावशी, हे काय?"

मावशीने पदर सावरला. "आज लिवायला येल ना ती? आदी ह्या गोल्या बगू दे. पोरीला आय हाय, हे धरूनच पुढचं लिव म्हनावं!"