विराज ‘ले मा’ म्हणायचा

आधीच सांगते, असल्या भुताखेतांच्या अनुभवांच्या कॉलमला लिहून पाठवणाऱ्यांतली मी नाही. वाचते, आणि वाचून हसते... हसायचे म्हणू या. आम्ही बौद्ध. घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. वडील गिरणीत होते. कुणी भूत दिसलं म्हणून सांगत आलं की ते शांतपणे विचारायचे, जेवून निघाला होतास का? मीही त्यांचीच लेक. बाळाच्या गालाला काजळाचा ठिपका लावून आणलं की मी ओल्या रुमालानं पुसून टाकते, त्यावरून दोन आज्यांशी माझं चांगलं वाजलंय. तेव्हा "टीचर, तुम्हीसुद्धा?" असं कृपा करून म्हणू नका. मी स्वतःलाच रोज म्हणतेय.

सोलापुरात, जुळे सोलापूर भागात माझं पाळणाघर आहे. भाड्याचं तळमजल्याचं घर — पुढे हॉल, आत एक खोली, मागे ओटा आणि मोरी. दहा-बारा मुलं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची. आई-बाप दोघंही नोकरीला. सकाळी स्कूटीवर पुढे एक, मागे एक असं लेकरू-बॅग घेऊन येतात आणि गेटातच माझ्या हातात देऊन पळतात. मी डिप्लोमा केलाय, सोळा वर्षं हेच करतेय. मदतीला सुमनताई आहेत, मोहोळकडच्या. त्यांना मराठी सोडून दुसरी भाषा येत नाही. हे मुद्दाम सांगतेय.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. सोलापूरचा मार्च म्हणजे दुपारी फरशीसुद्धा गरम. पावणेएक ते अडीच झोपेची वेळ. चालणारी मुलं हॉलमध्ये गाद्यांवर, न चालणारी आतल्या खोलीत. आत तेव्हा एकच बाळ होतं, अन्वी, सात महिन्यांची. आई बँकेत, रजा संपवून नुकतीच कामावर गेलेली. पहिल्या दिवशी तिचा हातच सुटेना बाळापासून. मी तिला म्हटलं, जा तुम्ही, हिच्यावरून माझी नजर हलणार नाही.

आणि हॉलमध्ये विराज. सोळा महिन्यांचा, गोल पोटाचा, एकदम शांत. आई-वडील माळशिरसचे, घरात आजीही. शब्द मोजून चार — आई, पापा, भू आणि ‘न्हाय’. ‘नाही’ नव्हे बरं का, चांगलं ठसठशीत आजीचं ‘न्हाय’.

त्या सोमवारी सगळे झोपल्यावर विराज उठला. हातात त्याची रबराची रिंग, ती कायम असायचीच. डुलत डुलत आत गेला, अन्वीच्या पाळण्याचे गज धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ले... ले मा."

मला काय वाटावं? ‘ले’ म्हणजे घे. मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओतून उचललं असणार. आणि आपल्या गावात ‘ले माँ’ हे दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, शेजारची खाला लेकीला बिस्कीट देतानासुद्धा तेच म्हणते. पोरगं आपली रिंग बाळाला देतंय! मी हरखले. आम्ही रोज प्रत्येक मुलाची डायरी लिहितो — काय खाल्लं, किती झोपलं, नवीन काय केलं. विराजच्या डायरीत लिहिलं, ‘आज पहिल्यांदा शेअरिंग केलं. अन्वीला ले मा म्हणून खेळणं दिलं.’ खाली हसरा चेहराही काढला. ती डायरी अजून माझ्याकडे आहे, ते पान मला बघवत नाही.

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी पुन्हा. आता कौतुक संपलं, कारण त्यानं अन्वी चुळबुळ करायची, उठायची, आणि एक उठलं की आमच्याकडे अख्खी पलटण उठते. बुधवारी मी त्याला दोनदा उचलून गादीवर आणला. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा, आतल्या खोलीच्या दाराला कमरेएवढं लाकडी फाटक आहे, त्याची कडीच लावून टाकली.

गुरुवारी मी मुलं झोपवल्यावर आधीच कडी लावली. सुमनताई मागे बाटल्या उकळत होत्या. मी हॉलमध्ये डायऱ्या लिहीत बसले. विराज उठला, फाटकापाशी गेला आणि दोन्ही तळव्यांनी फाटक बडवायला लागला. "ले मा. ले मा." मी गप्प बसायची खूण केली. ऐकेना. मग मी ओरडले. सोळा वर्षांत मुलांवर ओरडले नसेन इतकी ओरडले, तोंडाला येईल ते बोलले. तो रडायला लागला, पण बडवायचं थांबेना. शेवटी चिडून कडी काढली. म्हटलं, बघ, बघ एकदाची झोपलीय ती, आणि गप पड.

तो पाळण्यापाशी गेला. मी त्याच्या मागे. अन्वी पालथी झाली होती, दूध उलटलं होतं आणि तोंड त्या दुधातच होतं. ओठ निळे.

पुढचं हातांनी आपोआप केलं. ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसं तिला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, पाठीवर तळव्यानं मारलं. एक, दोन, तीन... दूध बाहेर आलं. चौथ्याला ती रडली. बाळ रडलं म्हणून मी इतकी आनंदानं आयुष्यात कधी रडले नाही. सुमनताईंवर मुलं सोपवली आणि रिक्षातून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, बरं झालं, वेळेत उचललंत.

अन्वीची आई धावत आली. बाळाला छातीशी धरून दुसऱ्या हातानं माझा हात धरला आणि विचारलं, कसं कळलं हो तुम्हाला? मी म्हणाले, "माझं लक्ष होतं."

हे खोटं होतं. पुढच्या आठवड्यात तिनं मला साडी आणली, आणि मी ती घेतलीही.

विराज? तो शुक्रवारपासून पाळण्याकडे फिरकलाच नाही. ‘ले मा’ पुन्हा कधी म्हणाला नाही. मला वाटलं, लेकरू घाबरलं, विसरलं. मीही विसरत आले होते.

मग जुलैमध्ये नॅपकिन संपले. मी शहराच्या पूर्व भागात एका ओळखीच्या विणकराच्या घरी ठोक भावात घेते, तिकडे गेले. पुढच्या खोलीत माग चालू होता, त्या खडखडाटात त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी बिनघोर झोपली होती. तिची आई चहा ठेवून आली, मुलीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "ले... लेम्मा."

तोच सूर. आधी ‘ले’, मग दम घेऊन ‘लेम्मा’, शेवटाला जरा वर चढलेलं. माझ्या हातातले नॅपकिन खाली पडले. मी विचारलं, काय म्हणालात आता? ती हसली. "उठ म्हटलं की. आमच्या तेलुगूत ले म्हणजे उठ. पोरगी असली तर लेम्मा. पोरगा असता तर लेरा म्हटलं असतं."

सोलापुरात जन्म गेला माझा. तेलुगू रोज कानावरून जातं, पण चार शब्दांपलीकडे मला येत नाही. विराजला तर तेही कुठून यावेत? त्याच्या आईला फोन करून आडवळणानं विचारलं — घरात, बिल्डिंगमध्ये, कामवाली, कुणी तेलुगू बोलणारं? कुणी नाही. सुमनताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला हितलं मराठीच धड येत न्हाय, तेलगू कुटनं येतंय." घरमालकांनाही विचारून झालं. मोकळं रान होतं म्हणे, त्यांनी स्वतः बांधलं, त्या घरात कुणी वारलेलं नाही.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. सोळा महिन्यांचं मूल स्वतःहून शब्द बनवत नाही. ते परत देतं. आपण म्हणतो, ते ऐकतं, मग म्हणतं. हे मी पालकांना दर वर्षी मीटिंगमध्ये सांगते. आणि आता आठवतं, विराज प्रत्येक वेळी आधी थांबायचा. मान जरा तिरकी करायचा. अन्वीकडे बघायचाच नाही, पाळण्याच्या पलीकडे बघायचा. मग म्हणायचा. म्हणजे त्याच्या आधी कुणीतरी म्हणत होतं. माझ्या खोलीत, भर दुपारी, मी दहा पावलांवर बसलेली असताना.

कोण? आणि सोमवार ते बुधवार का? तेव्हा तर अन्वीला काहीच झालं नव्हतं. की झालं होतं, आणि त्या हाकेनंच ती चुळबुळ करून उठत होती, आणि मी कडी लावून तेही बंद केलं? की हाक अन्वीसाठी नव्हतीच, कुणीतरी आपल्याच न उठलेल्या लेकीला उठवत होतं? डोकं बधिर होतं विचार करून. ती खोली मी झोपेसाठी बंद केली. जास्तीच्या गाद्या ठेवते. बाळं आता माझ्यासमोर हॉलमध्ये झोपतात, आणि दर पाच मिनिटांनी मी त्यांच्या नाकाशी बोट धरते. पालक म्हणतात, टीचर, झोपू द्या की जरा.

गेल्या आठवड्यात अन्वीची आई आली. कडेवर दुसरी मुलगी, पाच महिन्यांची. मी म्हटलं, जागा नाही. ती म्हणाली, तुमच्याशिवाय मी हिला कुणाकडे ठेवणार नाही, तुम्ही अन्वीला वाचवलंत. मग मला राहवेना. सगळं सांगितलं. कडी लावली ते, विराजवर ओरडले ते, माझं लक्ष नव्हतं ते, विणकरणीनं सांगितलेला अर्थही. वाटलं, ही आता थोबाडीत देणार. दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती बाळाच्या पायातला मोजा काढून पुन्हा घालत बसली. मग म्हणाली, "ती खोली अजून आहे?"

मी म्हटलं, आहे, पण तिथं आता कुणाला झोपवत नाही.

"हिला तिथंच झोपवा," ती म्हणाली.

काल सुमनताई आणि मी गाद्या हलवल्या, फरशी पुसली, फाटक बिजागरीतून काढून टाकलं. सोमवारपासून बाळ येतंय. मी पाळण्याला लागूनच बसणार आहे. याचा उलगडा तेव्हा झाला नव्हता, आज लिहितानाही झालेला नाही. सोमवारी दुपारी हाक ऐकू आली तर काय, आणि नाही आली तर काय... मला दोन्हीची धास्ती वाटतेय.